श्रमदानाचे पाणी कोणाचे?

गावाचा विकास गावकऱ्यांच्या हातून व्हावा, या तत्त्वाला आज उघड विरोध करणारा कोणी उरलेला नाही. शासकीय परिपत्रकांतही ‘लोकसहभाग’ हा शब्द नित्याचा झाला आहे. २०१४ च्या अखेरीस राज्य शासनाने जलयुक्त शिवार अभियान जाहीर केले. २०१६ ते २०१९ या चार उन्हाळ्यांत वॉटर कप स्पर्धेच्या निमित्ताने गावेच्या गावे कुदळी-फावडी घेऊन माळावर उतरली. ते दृश्य आश्वासक होते, यात शंका नाही. परंतु समाजवादी कार्यकर्त्याने येथे एक प्रश्न विचारलाच पाहिजे. चर खणणाऱ्यांत भूमिहीन शेतमजूरही होता. त्या चरांत मुरलेले पाणी कोणाच्या विहिरीत उतरले?

याचे उत्तर मालकीच्या व्यवस्थेत आहे. जमीनमालकाने आपल्या जमिनीखालचे पाणी हवे तेवढे उपसावे, ही मुभा १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून चालत आली आहे. उपशावर नियंत्रण आणू पाहणारा राज्याचा भूजल कायदा २०१४ मध्ये अमलात आला. पण त्यानेही भूमिहीनाला पाण्याचा वाटेकरी केले नाही. २००५ च्या कायद्याने कालव्यांचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांकडे सोपविण्याची तरतूद केली. तेथेही हक्काचे माप जमीनधारणा हेच. रोजगार हमीचा अनुभव याहून निराळा नाही. १९७२ च्या दुष्काळात आणि पुढे असंख्य पाझर तलाव मजुरांच्या घामातून उभे राहिले. मजुराच्या घरची चूल पेटली, हे योजनेचे मोठेच श्रेय. तथापि त्या श्रमांतून जी कायमची मत्ता निर्माण झाली, तिचा लाभ तलावाखालच्या विहीरमालकांच्या पदरी पडला.

हे अटळ मात्र नव्हते. त्याच दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. पाण्याची वाटणी जमिनीवर न होता माणसांवर व्हावी, हे त्याचे मूलसूत्र. माणशी अर्धा एकर भिजेल इतके पाणी, कुटुंबाला कमाल अडीच एकरांपुरते, ऊस वर्ज्य, योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांचा, आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. भूमिहीनालाही वाटा होता. जमीन नाही त्याने पाण्याचे काय करावे, असा प्रश्न व्यवहारी माणसे विचारतात. स्वतःच्या पाण्याच्या बळावर तो कोरडवाहू जमीन वाट्याने किंवा खंडाने करू शकतो. त्यामुळे जमीनमालकाशी बोलणी करताना तो रिकाम्या हाताने बसत नाही, हे या सूत्राचे अर्थशास्त्रीय मर्म आहे.

१९८० च्या दशकात सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात मुक्ती संघर्ष चळवळीने हाच विचार पुढे नेला. येरळा नदीवर लोकांनी उभारलेल्या बळीराजा धरणासाठी नदीतील वाळूच्या विक्रीतूनही पैसा जमविण्यात आला आणि भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा समान हक्क मान्य करण्यात आला.

या प्रयोगांच्या मर्यादा झाकण्याचे कारण नाही. उपसा योजनांना विजेच्या बिलांचा भार पेलणे जड गेले. त्याहून मोठी अडचण अशी की, समन्यायी वाटपाचा नियम केवळ तो मान्य करणाऱ्यांनाच बांधून ठेवू शकत होता. शेजारच्या बागायतदाराने खोल बोअर घेऊन तेच भूजल उसाला दिले, तर त्याला अडविण्याचे सामर्थ्य गावाच्या नैतिक दबावात पुरेसे नव्हते. सद्भावनेने सुरू झालेली समता कायद्याच्या आधाराशिवाय फार काळ तग धरत नाही, हा यातला धडा आहे.

म्हणून कार्यकर्त्यांपुढील काम दुहेरी आहे. पाण्याचा हक्क जमिनीच्या मालकीपासून वेगळा करण्याची मागणी विधिमंडळात आणि रस्त्यावर लावून धरावी लागेल. पण तोवर स्वस्थ बसण्याचे कारण नाही. ज्या गावात श्रमदान ठरेल, तेथे मातीची पहिली पाटी उचलण्यापूर्वी ग्रामसभेत ठराव मांडावा : वाढणाऱ्या पाण्यात माणशी वाटा किती, कोणती पिके वर्ज्य, नव्या बोअरना मर्यादा कोणती. वाटेकऱ्यांच्या यादीत भूमिहीनांची नावे सर्वांच्या बरोबरीने यावीत. या ठरावाला विरोध होईल. तो कोण करतो, एवढे पाहिले तरी ‘गाव एक आहे’ या घोषणेतले सत्य किती, ते उमगेल. श्रमदानाच्या वेळी सारा गाव एक असेल, तर पाणीवाटपाच्या वेळीही तो एकच राहिला पाहिजे.