‘एक कप मैदा’ नावाचे वजन अस्तित्वात नाही #थ्रेड

१/ पाककृतींच्या जगात दोन समजुती पक्क्या रुजल्या आहेत. कप हे पूर्वापार घरगुती माप असून वजनकाटा हे आधुनिक खूळ आहे, ही पहिली. कोणत्याही कपाचे ग्रॅम एका तक्त्यात मांडता येतात, ही दुसरी. इतिहासाच्या कसोटीवर दोन्ही टिकत नाहीत.

२/ अमेलिया सिमन्स यांचे ‘अमेरिकन कुकरी’ १७९६ साली हार्टफर्ड येथे छापले गेले. त्यातील पाउंड केकसाठी साखर, लोणी आणि पीठ प्रत्येकी एक पाउंड घ्यायचे आहे. वजन केकच्या नावातच आहे!

३/ कपाला शास्त्राची प्रतिष्ठा मिळाली ती पुढे शंभर वर्षांनी. बॉस्टन कुकिंग स्कूलच्या प्राचार्य फॅनी फार्मर यांनी १८९६ च्या आपल्या ग्रंथात सपाट कपाचा आग्रह धरला. अंदाजाला शिस्त लावणे हा त्यामागचा हेतू होता. म्हणजे ज्याला आज परंपरा म्हटले जाते, ती त्या काळची सुधारणा होती.

४/ फार्मर यांनी कपासोबत तो भरण्याची रीतही सांगितली. पीठ आधी चाळावे, चमच्याने कपात घालावे, सुरीने सपाट करावे आणि कप हलवू नये. आजच्या तक्त्यांनी आकडा ठेवला आणि रीत टाकून दिली.

५/ परिणाम पाहा. फार्मर यांच्या कोष्टकात चार कप पीठ म्हणजे एक पाउंड. अर्थात कपाला सुमारे ११३ ग्रॅम. आजचे तक्ते १२० किंवा १२५ सांगतात. तोच कप पिठात खुपसून भरला, तर १४० च्याही पुढे जातो. यांतला खोटा कोण? कोणीच नाही. पीठ दाबले जाते, त्यात हवा असते. पाण्याचा नियम त्याला लागू होत नाही.

६/ शिवाय कप तरी कोणाचा? अमेरिकेचा सुमारे २३७ मिलिलिटर, ऑस्ट्रेलियाचा २५०, जपानचा २००.

७/ हा वाद केकपुरता नाही. क्रांतिपूर्व फ्रान्समध्ये शेतकरी सरंजामदाराला धान्य मापाने देत असे. माप सपाट की रास करून, यावर त्याच्या घरातले धान्य ठरे. १७८९ च्या गाऱ्हाण्यांत मापांविषयीच्या तक्रारी उगाच नव्हत्या.

८/ मराठीला हे परके नाही. मापाच्या काठावर चढणाऱ्या राशीला ‘शीग’ म्हणतात, त्यावरूनच ‘शिगोशीग’. एका भाषेला यासाठी स्वतंत्र शब्द लागतो, कारण त्या राशीत कोणाचा तरी नफा आणि कोणाची तरी तूट असते.

९/ तरीही जुन्या कागदांतल्या पायलीचे सर्रास किलो केले जातात, आणि त्या किलोंवर मजुरी व सारा यांचे निष्कर्ष उभारले जातात. पायली हे मापाचे परिमाण. चार शेरांची एक पायली. शेर मात्र मापाचाही होता आणि वजनाचाही, आणि प्रांतागणिक वेगळा. ज्वारीची पायली आणि भाताची पायली काट्यावर सारखी कशी भरेल?

१०/ म्हणून रूपांतर करणाऱ्याने तीन प्रश्नांची उत्तरे आधी द्यावीत. कोणते माप? कोणता पदार्थ? कोणत्या रीतीने भरलेले? स्वयंपाकघरात ती मिळत नसतील, तर काटा घ्यावा. दप्तरात मिळत नसतील, तर पायलीला पायलीच राहू द्यावे. खोट्या अचूकतेपेक्षा प्रामाणिक अंदाज केव्हाही श्रेष्ठ.