पिशवी काढली, आधाराचे काय?

‘अंग बाहेर येतंय’ असे सांगायला बाई आपल्याकडे येते, तोवर तिने ते दुखणे बहुधा कित्येक वर्षे अंगावर काढलेले असते. आपण तपासतो, गर्भाशय उतरलेले दिसते आणि ‘पिशवी काढून टाकू’ हा निर्णय होऊन जातो. पण गर्भाशय उतरते ते त्याला धरणाऱ्या ऊती सैलावल्या किंवा तुटल्या म्हणून. पिशवी काढल्याने त्या ऊती दुरुस्त होत नाहीत.

या ऊतींमध्ये पहिल्या प्रकारचे कोलॅजेन ताण सोसते, तिसऱ्या प्रकारचे लवचीकपणा देते आणि इलॅस्टिन ताणलेली ऊती पूर्ववत करते. बाळंतपणात ताणले-मोडलेले इलॅस्टिनचे तंतू नंतर नव्याने बांधावे लागतात. ते सांधणारे एलओएक्सएल-१ हे एन्झाइम ज्यांच्यात नव्हते, अशा उंदराच्या माद्यांचे अंग व्यायल्यानंतर बाहेर आले, हे २००४ साली प्रसिद्ध झाले. फिब्युलिन-५ हे प्रथिन नसलेल्या माद्यांमध्येही पुढे तेच दिसले. स्त्रियांच्या बाबतीत मात्र ऊतींचे नमुने बहुतेक वेळा अंग उतरल्यानंतर घेतलेले असतात. त्यातले बदल कारण की परिणाम, हे ठामपणे सांगता येत नाही. तेव्हा या संशोधनाच्या नावाखाली कोलॅजेनची पावडर लिहून देऊ नये.

व्यवहारात मात्र हे ज्ञान आजच उपयोगी पडते. आई-बहिणीला हा त्रास होता का, हर्निया झाला होता का, सांधे प्रमाणाबाहेर वाकतात का, हे प्रत्येकीला विचारावे. जुना खोकला, बद्धकोष्ठता, डोक्यावरची ओझी यांचीही नोंद घ्यावी. आडवे झोपवून तपासताना अंग आत सरकते आणि विकार किरकोळ वाटतो. म्हणून तिला जोर करायला लावावे, गरज पडल्यास उभे करून तपासावे. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम आणि पेसरी यांची माहिती शस्त्रक्रियेआधी द्यावी.

डिलॅन्सी यांनी १९९२ साली आधाराचे तीन स्तर मांडले. त्यांतला वरचा, युटेरोसॅक्रल आणि कार्डिनल लिगामेंटचा स्तर गर्भाशय काढताना कापला जातो. तो पुन्हा बांधला नाही तर पुढे योनीचा माथा उतरू शकतो. मुंबईच्या डॉ. शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे यांनी तरुण स्त्रियांसाठी गर्भाशय राखून त्याला आधार देणाऱ्या शस्त्रक्रिया विकसित केल्या. दुसरीकडे, योनीमार्गे बसवायच्या कृत्रिम जाळीची या विकारासाठीची विक्री अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१९ मध्ये थांबवली. म्हणजे आधार हवा, पण कोणत्या स्त्रीला कोणता, हे विचारपूर्वकच ठरवायला हवे.

आमची विनंती एवढीच : यापुढे केसपेपरवर गर्भाशय किती उतरले याबरोबर कोणता आधार सुटला हेही लिहा, आणि शस्त्रक्रियेच्या नोंदीत तो कसा बांधला याची एक ओळ असू द्या. ती ओळ लिहिता येत नसेल, तर शस्त्रक्रिया अपुरी राहिली असे समजा.