बदलापूरचं घर स्वस्त पडतं, पण नेमकं कुणाला?

मुंबईत भाड्याने राहत असाल तर ही रील तुमच्याही मोबाईलवर येऊन गेली असणार. मागे हिरवेगार डोंगर, ड्रोनमधून दिसणारा टॉवर आणि एक भारदस्त आवाज विचारतो, "भाडं भरून मालकाचं घर किती दिवस चालवणार?" खाली लिहिलेलं असतं, स्टेशनपासून फक्त 10 मिनिटं. कुणाच्या चालीने, ते काही सांगत नाहीत.

आमच्या पप्पांनी अशीच एक रील फॅमिली ग्रुपवर टाकली. तेव्हापासून रोज रात्री जेवताना एकच विषय असतो, परळची भाड्याची खोली सोडून बदलापूरला जायचं का? मावशी तिथे बरीच वर्षं राहते, त्यामुळे पप्पांच्या बाजूला एक साक्षीदार आहे. शांत आहे, हवा चांगली आहे, रात्री झोप लागते, असं ती सांगते. यातलं काहीच खोटं नाही.

मुंबईकराने बाहेर सरकणं नवीन नाही. 2001 ते 2011 या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाबा ते माहीम-सायन पट्ट्याची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी साधारण 33 लाखांवरून 31 लाखांच्या खाली आली. त्याच काळात तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा 81 लाखांवरून 1 कोटी 10 लाखांवर गेला आणि लोकसंख्येत देशात पहिला आला. कुळगाव-बदलापूर एक लाखाच्या आत होतं, ते पावणेदोन लाखांच्या आसपास पोचलं. हे आकडे 2011 चे आहेत. त्यानंतर जनगणनाच झालेली नाही, पण संध्याकाळी बदलापूर स्टेशनच्या जिन्यावर उभं राहिलात तर अंदाज येईल. म्हणजे जी शांतता विकत घ्यायला लोक तिथे जातात, ती तिथे जाणाऱ्यांमुळेच कमी होते. डोंबिवलीही कधीकाळी शांत होती, विचारा कुठल्याही जुन्या डोंबिवलीकराला.

आता पैशांचं बघू, कारण पप्पांचा सगळा भर तिथेच आहे.

समजा 30 लाखांचं कर्ज घेतलं, व्याज साडेआठ टक्के, मुदत 20 वर्षं. हप्ता बसतो साधारण 26 हजार. मुंबईत बऱ्या वस्तीत याहून जास्त भाडं भरणारी कितीतरी कुटुंबं आहेत. कागदावर विषय इथेच संपतो. पण बँक सगळे पैसे देत नाही. 30 लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 90 टक्के मिळू शकतात, त्यावर गेलात तर 80 टक्के. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च सहसा या हिशोबात धरत नाहीत, तो खिशातूनच जातो. बांधकाम चालू असलेलं घर असेल तर जीएसटीही येतो. 45 लाखांपर्यंतच्या आणि 60 चौरस मीटरपर्यंत कार्पेट असलेल्या घराला 1 टक्का, त्यापुढे 5 टक्के. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घराला तो लागत नाही. रीलमधली किंमत आणि हातात चावी पडेपर्यंतची किंमत यात फरक पडतो तो इथे.

तरीही मान्य करूया, पैशांचं गणित बदलापूरच्या बाजूने झुकतं. वेळेचं गणित मात्र आमच्या घरात कुणी मांडलंच नव्हतं. ते आईने मांडलं.

आई दादरला एका लॅबमध्ये काम करते. आज ती घरातून निघून अर्ध्या तासात कामावर असते. बदलापूर ते सीएसएमटी साधारण 68 किलोमीटर. घर ते स्टेशन रिक्षा, गाडीची वाट आणि मग दादरपर्यंतचा प्रवास धरला तर एका बाजूला पावणेदोन तास कुठे जात नाहीत. म्हणजे दिवसाला अडीच तास जास्त. वर्षाचे कामाचे 250 दिवस धरले तर 625 तास. हे होतात 26 दिवस, रात्री धरून. वीस वर्षांच्या हप्त्यांसोबत हाही हप्ता आहे, फक्त तो बँकेच्या पासबुकात दिसत नाही.

आणि हे तास बसून जात नाहीत. कल्याणच्या पुढे कर्जतकडे दोनच रुळ आहेत. त्यावरूनच लोकल धावतात आणि त्यावरूनच पुण्याकडच्या आणि दक्षिणेच्या मेल-एक्स्प्रेसही. म्हणून बदलापूरला गाड्या वाढवा म्हटलं की लगेच वाढत नाहीत. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका 14 किलोमीटरची आहे, एमयूटीपी-3 अ मध्ये तिला 2019 मध्ये मंजुरी मिळाली आणि तिचं काम सुरू झालं. कांजूरमार्ग-बदलापूर मेट्रो 14 कागदावर आहे. ब्रोशरमध्ये मात्र ही मेट्रो कधीच धावायला लागली आहे! माझं मत विचाराल तर घर घेताना फक्त आज धावणारी गाडी मोजावी.

गर्दीचं काय होतं हे 9 जून 2025 ला मुंब्र्यात दिसलं. दोन लोकल एकमेकींजवळून जाताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले, काही जणांचा जीव गेला. नंतर साध्या लोकलला आपोआप बंद होणारी दारं लावायची घोषणा झाली. पण दारात लटकणारा माणूस हौसेने लटकत नव्हता, त्याला आत जागा नव्हती.

ठीक एक महिन्याने, 9 जुलैला, आझाद मैदानात गिरणी कामगार आणि त्यांचे वारस जमले. सरकारच्या योजनेतली त्यांची घरं शेलू आणि वांगणीला, म्हणजे बदलापूरच्याही पुढच्या स्टेशनांवर होती. त्यांचं म्हणणं होतं, घर मुंबईतच द्या. सोशल मीडियावर तेव्हा "फुकटात मिळतंय तरी नाटकं" अशा कमेंट्स मीही वाचल्या. घर फुकट नाही हे तर झालंच. पण ज्यांची कामं, मुलांच्या शाळा, केईएमची औषधं परळ-लालबागला आहेत, त्यांना वांगणीत घर देणं म्हणजे घरासोबत रोजचा प्रवासही देणं आहे. आमच्या घरातली चर्चा आणि मैदानातली मागणी वेगळी नाही. फरक इतकाच की आम्हाला निवडता येतंय.

पावसाचंही बोलायला हवं. उल्हास नदी बदलापूरजवळून वाहते, आणि रीलमध्ये तिला "रिव्हर व्ह्यू" म्हणतात. 27 जुलै 2019 ला याच नदीच्या पुरात बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, हजारावर प्रवासी बाहेर काढावे लागले. नदीजवळचं घर बघत असाल तर निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते ते नगरपरिषदेत विचारा. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. प्रकल्पाची नोंद महारेराच्या साइटवर बघा. आणि घर बघायला डिसेंबरात नको, जुलैत जा.

मग जाऊच नये का? असं अजिबात नाही. ज्याचं ऑफिस ठाण्याला किंवा कल्याणला आहे, ज्याला आठवड्यातून दोनच दिवस जावं लागतं, जो निवृत्त झालाय, त्याच्यासाठी बदलापूर खरंच चांगलं आहे. अडचण घरातली आहे. आमच्याकडे जायचा सर्वात मोठा आग्रह पप्पांचा, आणि ते पुढच्या वर्षी रिटायर होतायत. 625 तास त्यांचे जाणार नाहीत. आईचे जातील, आणि माझे. माझी शिफ्ट अंधेरीत रात्री दहाला संपते. घाटकोपरला मेट्रोतून उतरून बदलापूर लोकल पकडायची, मध्यरात्रीच्या आसपास उतरायचं आणि रिक्षा शोधायची. "सगळ्याच मुली करतात," असं पप्पा म्हणाले. खरंय, करतात. त्यातल्या एकीला तरी विचारून बघा, असं मी म्हटलं. जेवण तिथेच थंड झालं.

आईने वाद घातला नाही. पुढचा आठवडाभर ती मावशीकडे राहून तिथूनच कामाला जाणार आहे. सोमवारची पहिली गाडी तिने अ‍ॅपवर बघून ठेवलीय, 6 वाजून काही मिनिटांची. पप्पांनाही सोबत यायला सांगितलंय, रोज, दादरपर्यंत. ते हो म्हणालेत.