मोटार विजेची, जुगार जुनाच

सकाळी अंबाझरीच्या काठावर फिरावयास जाणाऱ्या मंडळींचे बोलणे पूर्वी मधुमेह, निवृत्तिवेतन आणि वेगळा विदर्भ या तीन विषयांभोवती फिरत असे. आता त्यांत चौथ्याची भर पडली आहे. विजेवर चालणाऱ्या मोटारी आणि स्कूटरी बनविणाऱ्या कंपन्यांचे शेअर किती चढले, नवे मॉडेल केव्हा येणार, एकदा बॅटरी भरली की गाडी किती किलोमीटर धावणार आणि या बातमीने उद्या भाव किती उसळणार, याची चर्चा निवृत्त अभियंते, बँकेतील अधिकारी आणि महाविद्यालयीन तरुण सारख्याच उत्साहाने करीत असतात. त्या गाडीत बसावयाची इच्छा यांपैकी फार थोड्यांना असते. त्यांच्या लेखी गाडी म्हणजे भाव हलविणारी एक बातमी होय.

हा प्रकार हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मार्च २०२५ अखेर देशातील डीमॅट खात्यांची संख्या १९ कोटींच्या वर गेली. ज्या मध्यमवर्गातून एकेकाळी आपल्या चळवळीला शिक्षक, कारकून आणि विमा कर्मचारी मिळाले, त्याच वर्गातील मुले आज स्वतःला नोकरदार समजण्याआधी भागधारक समजू लागली आहेत. ज्याची मिळकत पगारावर आणि आशा मात्र शेअरवर, तो कामगार-कपातीची बातमी वाचून हळहळण्याऐवजी भाव पाहू लागतो. म्हणून ज्या उद्योगाच्या नावाने हा उत्साह चालला आहे, त्याचा आपल्याच शहरातील अनुभव तपासून पाहणे अगत्याचे आहे.

२६ मे २०१७ रोजी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी आणि मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या उपस्थितीत नागपुरात ओला कंपनीच्या विद्युत वाहन प्रकल्पाचे मोठ्या थाटात उद्‌घाटन झाले. सुमारे २०० वाहनांचा ताफा, त्यांत १०० महिंद्राच्या ‘ई-टू-ओ प्लस’ मोटारी, शिवाय ई-रिक्षा आणि बॅटरी भरण्याची केंद्रे, असा तो देशातील पहिलाच प्रयोग म्हणून गाजला. एक वर्ष पुरे होण्याच्या आतच चालकांची गाऱ्हाणी वृत्तपत्रांत छापून येऊ लागली. बॅटरी लवकर उतरे आणि ती भरण्यासाठी केंद्रावर तासन्‌तास रांगेत उभे राहावे लागे. पुष्कळांना ती गाडी परत करून डिझेलची घ्यावीशी वाटू लागली.

या रांगेचा हिशेब अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मांडला पाहिजे. नव्या तंत्राचा प्रयोग म्हटला की त्यात खर्च आणि अनिश्चितता आलीच. नागपुरात या खर्चाचा एक मोठा वाटा चालकांच्या बुडालेल्या तासांच्या रूपाने फेडला गेला. कंपनीला अनुभव मिळाला, मंत्र्यांना छायाचित्रे मिळाली आणि चालकाला रांग मिळाली. त्याच्या तासांची किंमत कोणत्याही ताळेबंदात दाखविली गेली नाही.

पुढे याच उद्योगसमूहातील ओला इलेक्ट्रिकने स्कूटरी बाजारात आणल्या आणि १५ ऑगस्ट २०२२ रोजी विजेची मोटार २०२४ मध्ये आणण्याची घोषणा केली. २०२४ साल उजाडले ते मोटारीऐवजी शेअर घेऊन. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये कंपनीने ७६ रुपये दराने शेअर विकून ६,१४५ कोटी रुपये उभे केले. त्यांपैकी ५,५०० कोटी नवे भांडवल म्हणून कंपनीकडे गेले आणि उरलेले सुमारे ६४५ कोटी आपले शेअर विकणाऱ्या जुन्या भागधारकांच्या खिशात पडले. पंधरवड्याच्या आत भाव १५७ रुपयांवर पोहोचला. २०२५ मध्ये तो ५० च्याही खाली आला. घोषणेतील मोटार मात्र मधल्या काळात बाजूस सारण्यात आली होती.

ज्याने १५७ रुपये मोजून शेअर घेतला, त्याचे पैसे कोठे गेले? ते कारखान्यात गेले नाहीत. त्या पैशातून एकही यंत्र आले नाही की एकाही कामगाराला काम मिळाले नाही. ७६ रुपयांना घेणाऱ्याने तो शेअर १५७ ला विकला असेल, तर ८१ रुपये एका खिशातून दुसऱ्या खिशात गेले, इतकेच घडले. पुढे भाव ५० च्या खाली आला तेव्हा शेवटच्या खरेदीदाराची शंभराहून अधिक रुपयांची राख झाली. केन्सने १९३६ मध्येच बजावून ठेवले होते की, उद्योग जेव्हा सट्ट्याच्या भोवऱ्यावरील बुडबुडा होतो, तेव्हा देशाची भांडवलउभारणी जुगारअड्ड्याचे उपउत्पादन होऊन बसते. केन्स काही समाजवादी नव्हता, हे अंबाझरीच्या मंडळींनी ध्यानात घ्यावे. सट्ट्याचे फळ काय, हे सेबीनेही सांगितले आहे. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक भरला.

नागपूर जिल्ह्यातील शेतकऱ्याला हा धडा नवा नाही. २००१-०२ मध्ये जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचा पैसा सरकारी रोख्यांच्या नावाने दलालांच्या हाती गेला आणि रोखे कधी आलेच नाहीत. तो पैसा कापूस आणि संत्री पिकविणाऱ्यांच्या ठेवींचा होता. त्यांच्यापैकी कोणाला शेअर बाजाराची पायरी ठाऊक नव्हती. तरीही बाजाराने त्यांना गाठले.

कोणी म्हणेल, ज्याला धोका पत्करावयाचा आहे त्याला पत्करू द्या. त्यात समाजाचे काय जाते? समाजाचे पुष्कळ जाते, कारण या उद्योगाचा पाया सार्वजनिक पैशावर उभारलेला आहे. केंद्र सरकारच्या ‘फेम’ योजनेच्या दुसऱ्या टप्प्याची तरतूद अखेर ११,५०० कोटींवर गेली. त्यानंतरच्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेसाठी १०,९०० कोटी ठेवण्यात आले. वाहन उद्योगाला उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन म्हणून २५,९३८ कोटींची योजना २०२१ मध्ये मंजूर झाली. ओला इलेक्ट्रिकला तिच्यातून मार्च २०२५ मध्ये ७३.७४ कोटी मंजूर झाले. त्याच कंपनीचा २०२४-२५ सालचा तोटा २,२७६ कोटी होता. त्याच मार्च महिन्यात हजारावर कर्मचारी आणि कंत्राटी कामगार कमी करण्यात येत असल्याचे वृत्त आले. ग्राहकांच्या दहा हजारांवर तक्रारींबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नोटीस बजावली. बहुतेक सर्व तक्रारींचे निवारण झाले, असे कंपनीचे म्हणणे आहे. ते खरे धरले तरी मूळ प्रश्न शिल्लक राहतो. जनतेने पैसा दिला, त्या बदल्यात जनतेला मालकीचा वाटा का मिळू नये? कामगार टिकविण्याची अट का नसावी? अनुदान सामाजिक, तोटा सामाजिक, मालकी तेवढी खाजगी, या न्यायाला अर्थशास्त्रात कोणतेही समर्थन नाही.

एस.टी.चे उदाहरण तर याहूनही बोलके आहे. २०२३ मध्ये महामंडळाने ५,१५० विद्युत बसगाड्या भाडेतत्त्वावर घेण्याचे ठरविले. कंत्राट हैदराबादच्या ऑलेक्ट्रा कंपनीशी संलग्न असलेल्या एव्ही ट्रान्सला मिळाले. बातमी येताच ऑलेक्ट्राच्या शेअरने उसळी घेतली. मे २०२५ पर्यंत प्रत्यक्षात २२० च्या आसपास बसगाड्या आल्या, आणि करार रद्द करण्याचे निर्देश दिल्याचे परिवहन मंत्र्यांना जाहीर करावे लागले. तेव्हा तोच शेअर घसरला. ज्यांनी वेळेवर विकला त्यांची बस केव्हाच सुटली होती. काटोलच्या, उमरेडच्या, रामटेकच्या स्थानकावर उभ्या असलेल्या प्रवाशाची बस मात्र आलीच नव्हती. तो कोणत्याही बाजारात नोंदलेला नसल्यामुळे त्याच्या खोळंब्याने कोणताही निर्देशांक हलला नाही.

१५ जुलै २०२५ रोजी मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्लाचे दालन मुख्यमंत्र्यांच्या हस्ते उघडण्यात आले. परदेशातून आयात होणाऱ्या तिथल्या मोटारीची किंमत ६० लाखांच्या घरात आहे. पुढच्याच महिन्यात विजेच्या मोटारींना समृद्धी महामार्गावर पथकर माफ झाला. ज्या महामार्गासाठी नागपूरपासून पुढे दहा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या, त्यावरून ६० लाखांची मोटार फुकट धावावी, ही कोणती समृद्धी?

आपण विजेच्या वाहनांच्या विरोधात आहोत, असा याचा अर्थ कोणी करू नये. मे महिन्यात ४५ अंशांवर तापणाऱ्या, डिझेलच्या धुराने कोंडलेल्या नागपूरला ती हवीच आहेत. पण नागपुरात विजेच्या गाडीचा धूर पुष्कळसा कोराडी आणि खापरखेड्याच्या धुराड्यांतून निघतो, हेही विसरता येत नाही. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटून राख शेतांत आणि नाल्यांत शिरली. त्या गावकऱ्यांना वगळून कोणतीही गाडी स्वच्छ ठरत नाही. म्हणूनच वाहन किती लोकांना नेते, हा पहिला प्रश्न असला पाहिजे. एका माणसाला नेणाऱ्या मोटारीपेक्षा पन्नासांना नेणाऱ्या बसवर तीच वीज खर्च होणे न्यायाचे आहे.

आणि त्यासाठी लागणारे पुष्कळसे सामर्थ्य या शहराच्या पंचक्रोशीत, तेही सार्वजनिक मालकीचे, आजच हाताशी आहे. कोराडीची वीज महानिर्मितीची, म्हणजे जनतेची आहे. काही प्रकारच्या बॅटऱ्यांना लागणारे मँगनीज काढणाऱ्या सरकारी ‘मॉइल’चे मुख्यालय नागपुरात आहे. हिंगण्याला एस.टी.ची स्वतःची मध्यवर्ती कार्यशाळा आहे आणि तेथील कामगारांनी वर्षानुवर्षे बसगाड्यांचे सांगाडे बांधले आहेत. या तिन्हींची सांगड घालण्याचा विचार सरकारला सुचत नाही, कारण त्यातून कोणाचाही शेअर चढत नाही.

आपल्या कार्यकर्त्यांनी हाच धागा उचलावा. विद्युत बसगाड्या एस.टी.च्या मालकीच्या असाव्यात आणि त्यांची बांधणी हिंगण्यात व्हावी, ही मागणी एस.टी. कामगार आणि प्रवासी यांच्या संयुक्त सभांतून प्रत्येक आगारात नेली पाहिजे. अनुदान घेणाऱ्या प्रत्येक कंपनीत सरकारचा भागभांडवली वाटा असावा आणि कामगार कायम असावेत, ही दुसरी मागणी. पथकराची सवलत सार्वजनिक वाहनांपुरती असावी, ही तिसरी. टॅक्सी आणि ई-रिक्षा चालकांना संघटित करून बॅटरी भरण्याच्या वेळेचा मोबदला मागावा, ही चौथी. आणि तिचा आरंभ नागपुरातच व्हावयास हवा.

१९६३ साली डॉ. लोहियांनी लोकसभेत तीन आण्यांचा प्रश्न उभा केला, तेव्हा सरासरीच्या आड दडलेला माणूस त्यांनी सभागृहापुढे आणला. शेअरच्या भावाच्या आडही असाच एक माणूस आहे. २०१७-१८ साली तो नागपुरात बॅटरी भरण्याच्या रांगेत उभा होता, आज तो उमरेडच्या स्थानकावर बसची वाट पाहत आहे. भाव किती चढला, हे विचारणाऱ्यांची या शहरात वाण नाही. त्याची बस केव्हा येणार, हे विचारण्याचे काम आपले आहे.