नाव आपले, नोंद कुणाची?

दुकानाच्या पाटीवर नाव रंगवणारा पेंटर एकदाच पैसे घेतो. पाटी फिकी पडेपर्यंत ते नाव आपले. इंटरनेटवरचे नाव तसे नसते. त्याला दरवर्षी भाडे भरावे लागते आणि नोंदवहीत भाडेकरू म्हणून ज्याचे नाव लागले असेल, ते नाव त्याचे. आपल्या जालना जिल्ह्यात आता फॅब्रिकेशनचे शेड, मंडप डेकोरेशन, भीमगीतांची गायन पार्टी, बचत गटाची चटणी, वस्तीतली अभ्यासिका अशा सगळ्यांना "वेबसाईट काढून देतो" म्हणणारे भेटू लागले आहेत. पाच-सात हजारांत सगळे होते. साईट दिसायलाही छान होते. नोंदणीची पावती मात्र कुणी मागत नाही. या आठवड्याचा स्तंभ त्या पावतीसाठी आहे.

आधी हे नाव म्हणजे काय ते समजून घेऊ. इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक संगणकाला एक नंबर असतो. नंबर लक्षात राहत नाहीत म्हणून नावे आली. सुरुवातीला सगळी नावे एकाच यादीत असत आणि अमेरिकेतील एका संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर नावाच्या बाई आणि त्यांचे सहकारी ती यादी सांभाळत. नवे नाव हवे असेल तर त्यांना कळवायचे. संगणक वाढले, यादी आवरेना. मग १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी आजची पद्धत बसवली. तिच्यात नावाचे तुकडे टिंबाने वेगळे केलेले असतात आणि प्रत्येक शेपटाची वही वेगळी संस्था ठेवते. या नावाला म्हणतात डोमेन नेम. भारताचे शेपूट "डॉट इन". ते १९८९ पासून आहे, पण सामान्य माणसासाठी मोकळे झाले ते २००५ साली, 'निक्सी' या संस्थेकडे त्याचा कारभार गेल्यावर.

आता नाव निवडण्याकडे येऊ. इथेच आपली माणसे अडकतात, कारण आपण नाव मराठीत ठेवतो आणि टाइप करतो इंग्रजीत. 'भीम' लिहिताना आय घ्यायचा की दोन ई? 'पंचशील' मध्ये? 'सिद्धार्थ' मध्ये डी एक की दोन, आणि शेवटी ए लावायचा की नाही? 'वाघमारे' डब्ल्यूने की व्हीने? 'कांबळे' मध्ये बी आणि एल यांच्यामध्ये ए घालणारे आहेत, न घालणारेही आहेत. शाळेच्या दाखल्यावर एक, आधार कार्डावर दुसरे, अशी आपल्या घराघरांत स्थिती आहे. माणसाला दोन्ही कळतात. संगणकाला ती दोन वेगळी नावे वाटतात. गिऱ्हाइकाने एक अक्षर चुकवले की तो दुसऱ्याच्या दारात उभा राहतो.

म्हणून एक साधी परीक्षा करा. नाव घरातल्या कुणाला तरी फोनवर एकदाच सांगा आणि त्याला कागदावर इंग्रजीत लिहायला लावा. शेजारणीकडूनही लिहून घ्या. चार जणांनी चार प्रकारे लिहिले तर ते नाव सोडून द्या, कितीही आवडते असले तरी. मधे आडवी रेघ टाकू नका, ती सांगताना विसरते. 'दोन' हा आकडा की शब्द, असा घोळ होईल असे अंकही नकोत. नियमाने एका तुकड्यात ६३ अक्षरे चालतात, पण मंडळाचे पूर्ण नाव "सार्वजनिक", "सांस्कृतिक", "बहुउद्देशीय" यांसह कोंबण्यासाठी ती सवलत नाही.

चांगल्या नावाचा नमुना आपल्या जालन्यातच आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे बियाण्याची कंपनी काढली, महाराष्ट्र हायब्रीड सीड्स. महाराष्ट्रातला 'म', हायब्रीडमधला 'हाय' आणि कंपनीतला 'को' घेऊन 'महिको' झाले. त्या वेळी इंटरनेट कुणाच्या स्वप्नातही नव्हते. पण शेतकऱ्याच्या तोंडी बसेल असे, दुसऱ्या कुणाचे नाही असे आणि पिशवीवर रोज दिसल्याने एकाच पद्धतीने लिहिले जाईल असे सहा इंग्रजी अक्षरांचे नाव तयार झाले होते. पुढे त्याला 'डॉट कॉम' जोडले की काम झाले. आपल्या बचत गटालाही असे दोन शब्दांचे तुकडे जोडून नाव करता येईल. त्याला शिक्षण लागत नाही, एक संध्याकाळ आणि चार बायका पुरतात.

उलट नालंदा, तक्षशिला, मिलिंद, संबोधी ही नावे आपल्याला प्रिय आहेत, आणि म्हणूनच ती एकटी मोकळी मिळतील अशी आशा धरू नये. देशभरात शाळा, वसतिगृहे, अकादम्या या नावांच्या आहेत. त्यांच्यापुढे गावाचे किंवा कामाचे नाव जोडा. अंबड, भोकरदन, परतूर, मंठा ही नावे लहान आहेत आणि लिहायला सोपी. घनसावंगीकरांना थोडे जड जाईल, त्यांनी कामाचे नाव घ्यावे.

दुसऱ्याच्या चालत्या नावासारखे नाव घेण्याचा मोह मात्र टाळा. बियाण्याच्या हंगामात नामांकित पिशवीसारखी दिसणारी पिशवी विकणारे आपण पाहिले आहेत, तसेच इथेही चालते. मुंबईत 'रिडिफ' नावाची साईट नावारूपाला आली, तेव्हा दुसऱ्या एकाने इंग्रजीत एक अक्षर बदलून 'रॅडिफ' नोंदवले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. आपले नाव कसे सुचले याचा खुलासा त्याने असा दिला की 'रॅडिकल' या शब्दाची पहिली तीन अक्षरे आणि इन्फर्मेशन, फ्युचर व फ्री यांचे पहिले एकेक अक्षर घेतले. न्यायालयाला हे पटले नाही. १९९९ साली त्याला मनाई झाली. पुढे २००४ साली 'सिफी' नावाच्या वादात सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की इंटरनेटवरचे नाव हा नुसता पत्ता नाही, धंद्याच्या नावाला जे संरक्षण मिळते ते त्यालाही मिळू शकते. याचा आपल्याला दुहेरी उपयोग आहे. आपण दुसऱ्याचे घेऊ नये आणि आपले कुणी घेतले तर "झाले ते झाले" म्हणून बसू नये. 'डॉट इन' च्या वादासाठी लवादाची स्वतंत्र सोयही आहे.

शेपटाविषयी. धंद्यासाठी 'डॉट इन' किंवा 'डॉट कॉम' घ्या. संस्थेसाठी 'डॉट ओआरजी डॉट इन' शोभते. 'डॉट ए-सी डॉट इन' शिक्षणसंस्थांना आणि 'डॉट जी-ओ-व्ही डॉट इन' फक्त सरकारला मिळते. ही गोष्ट नाव घेणाऱ्यापेक्षा वाचणाऱ्याने जास्त लक्षात ठेवावी. शिष्यवृत्तीचा महाडीबीटीचा खरा पत्ता 'जी-ओ-व्ही डॉट इन' वरच संपतो. सुरुवातीच्या दोन रेघा सोडून जी पहिली तिरपी रेघ येते, तिच्या लगेच आधी काय लिहिले आहे ते पाहा. मधे कुठेतरी 'गव्ह' लिहिले असेल तर त्याला काही अर्थ नाही. बँकांनाही रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर जायला सांगितले, ते याच फसवणुकीपायी. दहावी-बारावीच्या मुलांना एवढे वाचायला शिकवले तरी घरातल्या आईचे खाते वाचेल.

आणि आपल्या लिपीचे काय? २७ ऑगस्ट २०१४ पासून 'डॉट भारत' हे देवनागरी शेपूट मिळते, मराठीतही नाव घेता येते. हौसेने जरूर घ्यावे, पण इंग्रजी नावाच्या जोडीला, त्याच्या ऐवजी नको. आतून संगणक त्याचे इंग्रजी अक्षरांतच रूपांतर करतो आणि देवनागरी पत्त्याचा ईमेल अजून सगळीकडे स्वीकारला जात नाही. शिवाय शुद्धलेखन. आपल्या लग्नपत्रिकांवर आणि फलकांवर 'बौद्ध' चे 'बौध्द' आणि 'सिद्धार्थ' चे 'सिध्दार्थ' सर्रास छापलेले असते. डोळ्याला फरक दिसत नाही, पण संगणकाला द आधी की ध आधी हे लगेच कळते आणि साईट उघडत नाही.

नाव लहान करण्याबद्दल एक मनातली गोष्ट. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९७८ पासून लढा चालला, माणसे गेली, घरे जळाली आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. त्या विद्यापीठाचा इंटरनेटवरचा पत्ता आहे बी-ए-एम-यू. सोय म्हणून चार अक्षरे बरोबरच आहेत, रोज टाइप करणाऱ्या विद्यार्थ्याला विचारा. पण एखाद्या जुन्या कार्यकर्त्याला ते पाहून चुकल्यासारखे वाटले तर त्याला हसू नये. एका साईटला दोन-तीन नावे जोडता येतात. एक लहान, रोजच्या वापराचे आणि एक पूर्ण, मानाचे. आपल्या संस्थांनी ही सोय वापरावी.

आता मूळ मुद्दा, नोंद. आपल्या भूमिहीन माणसांनी गायरान कसले, दगड वेचले, पीक काढले. पण सातबाऱ्यावर नाव नव्हते. १४ एप्रिल १९९० पूर्वीची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने १९९१ साली काढला, तेव्हा विचारणा झाली ती घामाची नव्हे. एक-ई नमुन्यात नोंद आहे का, दंडाची पावती आहे का, हे विचारले गेले. ज्यांनी कागद पत्र्याच्या पेटीत जपले ते उभे राहू शकले. इंटरनेटवरच्या नावाचेही तसेच. साईटवर फोटो तुमचे, गाणी तुमची, दहा वर्षांची ओळख तुमची. पण नोंदणी साईट करून देणाऱ्याने स्वतःच्या ईमेलवर केली असेल तर वहीत कसणारा तुम्ही आणि मालक तो. तो मुद्दाम फसवतो असे नाही. पुष्कळदा त्याला तेच सोपे पडते. पण तो पुण्याला नोकरीला गेला, फोन उचलेनासा झाला, की तुमचे नाव त्याच्या बरोबर गेले.

म्हणून पैसे देण्यापूर्वी स्वतःचा ईमेल काढा, त्याचा पासवर्ड वहीत लिहा आणि नाव नोंदवणाऱ्या कंपनीत, तिला रजिस्ट्रार म्हणतात, खाते त्याच ईमेलवर उघडायला लावा. नोंदधारक म्हणून तुमचे किंवा संस्थेचे नाव आहे का ते स्वतः वाचा. ओळखीचे कागद मागितले तर तुमचेच द्या. कुणाकडे आधीच अडकले असेल तर नोंद बदलून घ्या, किंवा हस्तांतराचा सांकेतिक क्रमांक मागून नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्या. नवे घेतलेले नाव साधारण पहिले ६० दिवस असे हलवता येत नाही, एवढे ध्यानात असू द्या. साईटची जागा वेगळी विकत घ्यावी लागते, तिचा करार वेगळा. बिलात दोन्ही रकमा वेगळ्या मागा.

मोबाईल नंबरचीही काळजी घ्या. रिचार्ज न झाल्याने सिम बंद पडते आणि काही महिन्यांनी तोच नंबर दुसऱ्या कुणाला दिला जातो. मग ओटीपी त्याच्याकडे. ऊसतोडीला सहा महिने बाहेर जाणाऱ्या कुटुंबांत हे घडू शकते. मंडळे आणि विहार समित्यांनी तर सचिवाच्या खासगी ईमेलवर नोंद करूच नये. समितीत फूट पडायला आपल्याकडे मोठे कारण लागत नाही. जयंतीची वर्गणी पुरते. फुटीनंतर एका गटाकडे विहार आणि दुसऱ्याकडे पासवर्ड, अशी शोभा नको. संस्थेच्या नावाने ईमेल काढा, ठरावाच्या वहीत नोंद करा, पासवर्ड दोघांकडे ठेवा, आणि पदाधिकारी बदलले की तोही बदला.

सगळ्यांनाच हा खर्च हवा असेही नाही. धंदा गल्लीपुरता असेल, ऑर्डर फोनवर येत असेल, तर ते पैसे मुलांच्या पुस्तकांना लावा. हवेच असेल तर नुसते नाव वर्षाला हजाराच्या आगेमागे पडते, वर १८ टक्के जीएसटी. पहिल्या वर्षी नव्व्याण्णव रुपयांची जाहिरात पाहून भुलू नका. दुसऱ्या वर्षीचा दर आधी विचारा. नोंद एका वेळी दहा वर्षांपर्यंत करता येते, जमले तर दोन-तीन वर्षांची एकदम करा. मुदत टळली तर थोडे दिवस नेहमीच्या दरात सोडवून घेता येते, नंतर जादा दंड लागतो, आणि तीही वेळ गेली की नाव पुन्हा बाजारात येते. ओळखीची नावे टिपून बसलेले लोक असतातच. मुदतीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, पण नवे कॅलेंडर लावताना ती पुढे उतरवून घ्यायला विसरू नका. आणि "तुमचे डोमेन आज बंद होत आहे, या लिंकवर पैसे भरा" असा संदेश आला, तर त्या लिंकला हात न लावता रजिस्ट्रारच्या खात्यात स्वतः जाऊन तारीख तपासा.