सेवाभावाची वजाबाकी

रुग्णालय व्यवस्थापन आणि परिचारिकांची संघटना यांच्यातील वेतनकराराची बोलणी फिसकटली की चहूबाजूंनी एकच प्रश्न विचारला जातो : रुग्णांना वाऱ्यावर सोडून संपावर जाणे कितपत उचित? प्रश्न रास्त आहे. मात्र तो केवळ परिचारिकांनाच विचारला जावा, हे रास्त नाही.

केरळचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. साऱ्या जगाला परिचारिका पुरविणाऱ्या या राज्यातच खासगी रुग्णालयांतील परिचारिका वर्षानुवर्षे तुटपुंज्या वेतनावर राबत होत्या. २०११ मध्ये स्थापन झालेल्या युनायटेड नर्सेस असोसिएशनने हा विषय ऐरणीवर आणला. जानेवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्र शासनास तज्ज्ञ समिती नेमण्यास सांगितले. दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात शासकीय परिचारिकांइतके वेतन, शंभर ते दोनशे खाटांसाठी फार तर १० टक्के कमी, पन्नास ते शंभरसाठी फार तर २५ टक्के कमी आणि त्याहून लहान रुग्णालयात दरमहा किमान २० हजार रुपये, अशी समितीची शिफारस होती. लहान रुग्णालयांची आर्थिक मर्यादा तिने ध्यानात घेतली होती, हे येथे आवर्जून नमूद करावयास हवे.

तरीही पुढे काय घडले? जुलै २०१७ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या उपस्थितीत तडजोड झाली. परंतु अधिसूचना निघाली ती एप्रिल २०१८ मध्ये, राज्यव्यापी संपाच्या उंबरठ्यावर! दिलेला शब्द नऊ महिने रेंगाळत असेल, तर संपाचे खापर एकट्या संघटनेच्या माथी कसे फोडता येईल?

वेतनाइतकाच महत्त्वाचा मुद्दा मनुष्यबळाचा. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी. रात्रपाळीत एकीवर पंधरा-वीस रुग्णांचा भार पडला, तर औषधाची वेळ चुकणार, सलाइन संपल्याचे उशिरा कळणार. त्याची झळ सोसावी लागते ती खाटेवरील रुग्णाला. जानेवारी २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन मोठ्या रुग्णालयांतील सुमारे सात हजार परिचारिका तीन दिवस संपावर गेल्या, तेव्हाही त्यांची प्रमुख मागणी पुरेशा मनुष्यबळाचीच होती. म्हणून प्रत्येक करारात वेतनश्रेणीच्या शेजारी रुग्णसंख्येचे प्रमाणही लिहिले जावे.

संघटनांचेही उत्तरदायित्व आहेच. पूर्वसूचना न देता काम थांबविणे वा अतिदक्षता विभाग ओस पाडणे, हे कोणत्याही मागणीने समर्थनीय ठरत नाही. तो संयम पाळणाऱ्या संघटनेशी कालबद्ध बोलणी करणे आणि झालेला करार विनाविलंब अमलात आणणे, हे व्यवस्थापनाचे कर्तव्य होय.

‘परिचर्या ही सेवा आहे, नोकरी नव्हे’ हे वाक्य वाटाघाटींच्या मेजावर हमखास ऐकू येते. सेवाभाव हे त्या भगिनींचे स्वतःचे धन आहे. वेतनातून तो वजा करण्याचा अधिकार कोणासही नाही. आपल्यापैकी अनेक जण धर्मादाय रुग्णालयांचे विश्वस्त वा देणगीदार आहेत. नव्या इमारतीच्या कोनशिलेसाठी देणगी देताना त्यांनी एकच विचारणा करावी : येथे रात्रपाळीला किती रुग्णांमागे एक परिचारिका असते आणि महिनाअखेर तिच्या हाती काय पडते?