उतारावर कळते सायकलची किंमत



सुट्टी जवळ आली की आपल्या भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक ठरावीक फोटो फिरू लागतो. जिन्याखाली उभी केलेली, जाड टायरची, गिअरची सायकल आणि खाली ओळ: ‘कमी वापरलेली, लगेच देणे आहे.’ लॉकडाऊनमध्ये हौसेनं घेतलेल्या अशा कितीतरी माउंटन बाईक आज धूळ खात पडल्या आहेत. नव्याच्या निम्म्याहून कमी पैशांत मिळतात. घ्यावी का? या वेळच्या सदराचा विषय एवढाच.

मला हा प्रश्न निपाणीच्या भाच्यानं विचारला. नववीत आहे. ‘मामा, साडेचार हजारात मिळतेय. घेऊया की!’ ताईची काळजी वेगळी होती. ‘हा शाळेला नेणार म्हणतोय, पण रविवारी मित्रांबरोबर तवंदीच्या डोंगरावर जाणार हे मला माहीत आहे. चढताना दमला तर उतरून ढकलेल. उतरताना काय करणार?’

ताईनं नेमकं बोट ठेवलं. जुन्या सायकलचा खरा प्रश्न उताराचाच असतो, आणि तो पहिल्या माउंटन बाईकइतकाच जुना आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही तरुण मुलं भंगारात निघालेल्या, जाड टायरच्या जुन्या श्विन सायकली स्वस्तात विकत घेत आणि डोंगरातल्या कच्च्या रस्त्यांवरून खाली सोडत. म्हणजे माउंटन बाईकचा जन्मच सेकंडहँड सायकलपासून झाला! त्या सायकलींना उलटं पॅडल मारून लागणारा ब्रेक होता. उतार संपेपर्यंत मागच्या हबमधलं ग्रीस तापून जळून जाई, धूर निघे आणि दर फेरीनंतर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागे. म्हणून त्या उताराचं नावच पडलं ‘रीपॅक’. १९७६च्या ऑक्टोबरात तिथं पहिली शर्यत झाली. त्या मुलांनी सायकली स्वस्तात घेतल्या, पण ब्रेकच्या बाबतीत आळस केला नाही.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या यादीत दोन प्रकारचे दोष असतात. एक, ज्यांच्यामुळे काम थांबवावंच लागतं. दुसरे, ‘नंतर बघू’वाले. जुनी सायकल बघतानाही अशाच दोन याद्या कराव्यात.

पहिली यादी: सापडलं की सरळ घरी परत

फ्रेम आधी ओल्या फडक्यानं पुसून घ्या. हँडलखालचा सांधा आणि पॅडलच्या एक्सलजवळचे सांधे उजेडात बघा. केसाएवढी चीर दिसली किंवा रंगाला सुरकुती पडलेली दिसली तर किंमत विचारूच नका. चिमटा बाजूनं बघा. मागे वाकलेला असेल तर सायकल कुठेतरी जोरात धडकलेली आहे. सस्पेन्शन असेल तर पुढचा ब्रेक धरून हँडल दाबा. दाबल्यावर परत वर येत नसेल, दांड्या गंजल्या असतील, तर तोही नकार समजा. रिमवर रबर घासणारे ब्रेक असतील तर रिमवरून बोट फिरवा. खोलगट लागली तर रिम झिजून पातळ झालेली आहे.

शेवटची तपासणी कागदाची. पॅडलच्या एक्सलखाली बहुतेक सायकलींना नंबर कोरलेला असतो. तो खरवडलेला असेल आणि बिलही नसेल, तर चोरीचा माल गळ्यात पडू शकतो.

दुसरी यादी: दोष आहे, पण पैशात मोजता येतो

टायर, ट्यूब, ब्रेकची रबरं, केबल, सीट, गिअरचं सेटिंग, चाकाचा आऊट. यात घाबरण्यासारखं काही नाही. साखळी मात्र पट्टीनं मोजा. एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवून पुढच्या २४ पिना मोजल्या की बरोबर १२ इंच भरायला हवेत. १/१६ इंच जास्त भरलं तर साखळी बदलायची. १/८ इंच जास्त असेल तर साखळीबरोबर मागची दातेरी चक्रंही गेली, खर्च वाढला. ही यादी कागदावर लिहून आपल्या नेहमीच्या सायकलवाल्या कारागिराला दाखवा आणि आकडा विचारा. समजा मागणी साडेचार हजार आहे आणि दुरुस्ती दोन हजार निघते, तर त्या सायकलची किंमत साडेसहा हजार आहे. तेवढ्यात नवी साधी सायकल कशी मिळते ते बघायचं आणि मग भाव करायचा.

भाच्यानं पसंत केलेली सायकल आम्ही दोघांनी मिळून बघितली. पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन, चकाचक रंग. पण हँडलखालच्या सांध्यावर पातळशी चीर होती. विकणारे काका म्हणाले, ‘वेल्डिंग मारून घ्या की, शंभर रुपयात होतंय.’ फ्रेम ॲल्युमिनियमची होती, साधं वेल्डिंग तिथं चालत नाही. भाचा हिरमुसला, पण ती चीर त्यानंच मोबाईलच्या टॉर्चनं शोधली होती, त्यामुळे वाद घातला नाही. दोन आठवड्यांनी दुसरी मिळाली. मागे सस्पेन्शन नाही, रंग उडालेला, टायर गेलेले. पण फ्रेम आणि चिमटा सरळ. स्वस्त सायकलला मागचं सस्पेन्शन नसलेलंच बरं. वजन वाढतं, पाय मारण्याची ताकद ते गिळतं आणि बिघडलं की भाग मिळत नाहीत. कारागिरानं ब्रेक नवे घालून दिल्यावर तो आधी बसस्टँडजवळच्या छोट्या उतारावर आठवडाभर सराव करत होता, मग डोंगर.

आता एक प्रश्न स्वतःलाही विचारा: मुळात ही सायकल हवी आहे का? शाळा, क्लास आणि बाजार एवढंच फिरायचं असेल तर डांबरी रस्त्यावर जाड गुटख्यांचे टायर नुसते घरघरतात आणि दमवतात. निपाणी-चिकोडीकडच्या काळ्या रानात पावसाळ्यात तीच गुटखी चिखल धरून ठेवतात आणि चाक चिमट्यात अडकतं. पण येळ्ळूरच्या राजहंसगडावर चढायचं असेल, खानापूर-जांबोटीकडच्या लाल मातीच्या वाटा धुंडाळायच्या असतील, शेतावर रोज जायचं असेल, तर जाड टायर आणि हलके गिअर यांचा खरा उपयोग आहे. मापही बघा. सायकलच्या मधल्या नळीच्या दोन्ही बाजूंना पाय जमिनीवर टेकवून उभं राहिल्यावर नळी आणि शरीर यांत किमान दोन इंच अंतर हवं. ‘मोठा होईल तेव्हा बसेल’ हा हिशेब चपलेला चालतो, उतारावरच्या सायकलला नाही.

तरुण मित्रांनो, घरच्यांकडे हट्ट धरण्याआधी दोन्ही याद्या हातात घेऊन जा. आई-बाबा बहुधा पैशाला नाही म्हणत नसतात, उताराला म्हणत असतात. आणि पालकांनो, पोरगं पट्टी घेऊन साखळी मोजायला बसलं असेल तर त्याला एकदा तरी हो म्हणा.

भेटूया पुढच्या अंकात!